भोंगा आणि घंटा

(आमच्या वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतलं स्मृतिव्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून छापलं आहे.)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी मला शाळेत शिकवायला नव्हते. तरीही मी स्वतःला त्यांचा विद्यार्थी म्हणवून घेतो, आणि त्याचं कारण आधी सांगतो. कारखान्यात टर्नर म्हणून लागलो त्याच वर्षी मी या वाचनालयाचा सभासद झालो. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. सायकल मारत गावात यायला पंचवीस मिनिटं लागायची आणि वाचनालय साडेआठलाच बंद व्हायचं. एकदा गुरुजींना, तेव्हा ते कार्यवाह होते, रस्त्यातच गाठून म्हटलं, वर्गणी भरतो पण पुस्तक बदलायला मिळत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्यासारखे किती आहेत?" मी म्हटलं, असतील सात-आठ. पुढच्या सोमवारपासून आठवड्यातले दोन दिवस वाचनालय रात्री बारापर्यंत उघडं राहू लागलं. संचालक मंडळात कुरकुर झाली. सात-आठ जणांसाठी दिव्याचं बिल कोण भरणार? गुरुजी म्हणाले, त्या वेळेत माझ्या घरचा दिवा बंदच असतो, तेवढं इकडं धरा.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते पायरीवर बसायचे. मी आणि माझ्यासोबतचे फिटर, वेल्डर तेलकट हातानं आत यायचो. पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवा म्हणून त्यांनी नळाशी साबणाची वडी ठेवली होती. ती वडीही त्यांच्या घरचीच असणार.

आताच्या कार्यवाहांनी मला विषय दिला, 'उद्योग आणि शिक्षण यांच्या भागीदारीतून समाजाचं आजीवन शिक्षण'. एवढं लांब नाव माझ्या तोंडी बसेना, म्हणून मी ते 'भोंगा आणि घंटा' केलं. कारखान्याचा भोंगा आणि शाळेची घंटा. दोन्ही वेळ सांगतात. आपल्या भागात या दोन वेळा कधी जुळल्या, कधी जुळल्या नाहीत आणि का, एवढंच मला बोलायचं आहे. त्यात आयुष्यातला मोठा भाग आयटीआयमध्ये निदेशक म्हणून गेल्यामुळे माझं बोलणं थोडं लेथ मशीनच्या वासाचं होईल. चालवून घ्या.

आपल्या कृष्णाकाठाचं एक वैशिष्ट्य मला नेहमी गमतीचं वाटतं. इथला सगळ्यात मोठा कारखानदार मुळात मास्तर होता, आणि सगळ्यात मोठा शिक्षणवाला मुळात विक्रेता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 चे. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, तिथून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावला भावासोबत सायकलींचं दुकान बघू लागले. पुढे लोखंडी नांगर बनवला. आज आपल्याला वाटतं, नांगर चांगला, म्हणजे खपणारच. तसं झालं नाही. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला फार दिवस लागले. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याच्याच बैलांना जुंपून, त्याच्याच डोळ्यांसमोर तास पाडून दाखवल्याशिवाय तो नांगर घरी जात नव्हता. ही विक्री म्हणायची की प्रौढ शिक्षण? मला तरी त्यात फरक करता येत नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. 1910 साली तिथं निवडुंगात आणि सापांत किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीच्या मंडळींत शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर होते, ते पुढे कल्पक इंजिनिअर म्हणून ओळखले गेले. चोरी-दरोड्यात शिक्षा भोगून आलेले लोक राखणदार म्हणून नेमले गेले. माणूस आधी काय होता यापेक्षा तो काय शिकू शकतो, हे तिथं पाहिलं जायचं. मास्तरकीची सवय सुटली नव्हती, असं मला वाटतं.

आता दुसरे. भाऊराव पाटील. जन्म 1887, कुंभोजचे. इंग्रजी सहावीच्या पुढे शाळा गेली नाही. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या आणि मग ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी फिरते विक्रेते म्हणून हिंडले. गावोगाव, वाडीवाडी. नांगर विकायचा तर चावडीवर बसावं लागतं, कर्जाचा हिशेब ऐकावा लागतो, घरातली पोरं दिसतात. मला नेहमी वाटतं, रयत शिक्षण संस्थेचा नकाशा त्यांच्या मनात नांगर विकतानाच तयार झाला असणार. कोणत्या गावात शाळा नाही हे जिल्हा बोर्डाच्या कागदावरून कळतं, पण पोरगं शाळेत का जात नाही हे कळायला ओसरीवर बसायला लागतं. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं संस्था स्थापन झाली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मधल्या काळात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले ते मुलांच्या जेवणासाठी, हे तुम्हाला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांचा हात होता. पुढे दोघांचं बिनसलं. त्या भांडणाच्या कथा आपल्याकडे चवीनं सांगितल्या जातात. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारखान्याच्या नफ्यावर शिक्षणसंस्था चालेल ही आशा किती कच्ची असते, ते भाऊरावांना लवकर कळलं. म्हणून त्यांनी 'कमवा आणि शिका' काढलं. पोरांनी शेतात, रस्त्यावर, खाणीत काम करायचं आणि त्यावर शिकायचं. घंटा त्यांनी कामाच्या वेळेला जुळवून घेतली. कोणा शेठजीची देणगी मिळेल म्हणून घंटा वाजवत बसले नाहीत.

इथं थोडं थांबून एका मासिकाबद्दल बोलतो, कारण या वाचनालयाच्या कपाटात त्याचे बांधीव खंड आहेत आणि त्यांना वाळवी लागायला आली आहे.

1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नावावरूनच कळतं, ते कारखान्याचं बातमीपत्र होतं. कारखान्यातली माणसं, माल विकणारे एजंट, गिऱ्हाईक, यांना आपसात जोडणारं पत्रक. नांगराचा फाळ कसा बदलावा, अमक्या गावात यंत्र कसं चाललं, असा मजकूर. पुढे 'खबर' गळलं आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. 1930 साली 'स्त्री' निघालं, 1934 साली 'मनोहर'. नांगर आणि पंप विकणाऱ्या कारखान्याच्या छापखान्यातून मराठी घरातल्या बाईला लग्न, नोकरी, आरोग्य, वारसाहक्क यांवर वाचायला मिळू लागलं. माझी आई चौथी शिकलेली. तिचं खरं शिक्षण मंगळवारच्या बाजारातून येताना शेजारणीकडून आणलेल्या 'स्त्री'च्या अंकांवर झालं. ती ते अंक चुलीजवळ बसून वाचायची, धुरानं पानं पिवळी झाली की शेजारीण रागवायची.

कारखान्यानं मासिक काढायचं कारण काय? उदात्त हेतू शोधायला मी जात नाही. गिऱ्हाईक शहाणं असेल तर यंत्र नीट वापरेल, तक्रारी कमी येतील, आणखी चार जणांना सांगेल. त्यात व्यवहार होता. पण व्यवहाराचा धागा लांबपर्यंत पोचू दिला, मध्येच कातरला नाही, हे त्या माणसाचं मोठेपण. आज कंपनीचं पत्रक आलं की पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, दुसऱ्या पानावर साहेबांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते वृक्षारोपण. ते कोणी घरी नेत नाही. चुलीजवळ तर नाहीच.

तळेगावचा पैसा फंड काचकारखाना हाही याच जातीचा. अंताजीपंत काळ्यांनी घरोघर फिरून माणशी एक पैसा मागितला, आणि त्या पैशांतून 1908 साली भट्टी पेटली. तिथं काच बनली त्याहून जास्त काच बनवणारे कारागीर तयार झाले आणि देशभर गेले. भट्टी हीच शाळा होती.

मुंबई-पुण्यातला अनुभव जरा वेगळा, तोही दोन शब्दांत सांगतो. सावित्रीबाई-जोतीरावांनी 1855 च्या सुमारास पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. नारायण मल्हार जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं 1911 पासून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. 1967 साली वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. त्याची कल्पना साधी होती. कामगाराला वर्गात बोलवायचं नाही, वर्ग त्याच्या जागी न्यायचा, अभ्यासक्रम त्याच्या कामावरून ठरवायचा आणि वेळ त्याच्या पाळीवरून. पुढे अशा श्रमिक विद्यापीठांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळालं. नावं बदलण्याची आपल्याकडे हौस मोठी. प्रौढ साक्षरता, समाजशिक्षण, निरंतर शिक्षण, मग आजीवन अध्ययन, आता उल्लास. विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या दारावरची पाटी माझ्या हयातीत तीनदा रंगवली गेली. आतलं टेबल तेच.

साताऱ्याचं तर मोठं उदाहरण आहे. 1959 मध्ये तिथं ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. शिक्षक, विद्यार्थी, गावातली शिकलेली मंडळी, जमेल त्यानं शिकवलं. गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा, गावाचं नाव व्हायचं म्हणून पैज लागायची. मोहीम राज्यभर पसरली. पण अक्षर ओळखल्यावर वाचायला काही हातात नसेल तर अक्षर पुसलं जातं. बरीचशी गावं साक्षर होऊन पुन्हा निरक्षर झाली. समारंभ घडवून आणणं सोपं असतं, त्यानंतरच्या मंगळवारी कंदील कोण लावणार हा प्रश्न असतो.

आता माझ्या अनुभवाकडं येतो. यात मला फुशारकी मारण्यासारखं फार कमी आहे.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत सीएनसी मशीनं यायला लागली. साधा लेथ चालवणारे पंचेचाळीस-पन्नाशीचे कामगार धास्तावले. मालकांची संघटना आमच्याकडे आली, आमचे प्राचार्य उत्साही होते, संध्याकाळचे वर्ग ठरले. उद्घाटन झालं. फ्लेक्स लागला, नारळ फुटला, फोटो छापून आला. पहिल्या दिवशी बेचाळीस जण. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस. महिनाअखेरीला पाच, त्यातला एक आमचाच शिपाई.

आम्ही म्हणालो, कामगारांना शिकायची इच्छा नाही. मालक म्हणाले, बघा, आम्ही तर सगळं दिलं होतं. दोघांचंही समाधान झालं.

खरं कारण मला एका चहाच्या गाड्यावर कळलं. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात. पाळ्या दर आठवड्याला फिरतात. वर्ग संध्याकाळी सहाला. म्हणजे जो माणूस या आठवड्यात येऊ शकतो तो पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मशीनवर उभा असतो, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्रपाळी म्हणून डोळ्यांवर झोप घेऊन बसतो. तीन धड्यांतला एक मिळाला तर काय शिकणार? वर ऑर्डर आली की ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला दुप्पट दर. वर्गाला बसायचं म्हणजे हातातले पैसे सोडायचे. माणूस घरी काय सांगणार, आज दशांश अपूर्णांक शिकलो म्हणून पैसे आणले नाहीत?

त्या गाड्यावरच एका कामगारानं मला सल्ला दिला. "सर, एकच धडा तीनदा घ्या की." एवढं सोपं होतं. एक धडा आठवड्यात तीन वेगवेगळ्या वेळी. सकाळी नऊला दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी, दुपारी साडेतीनला पहिल्या पाळीवाल्यांसाठी, रविवारी रात्रपाळीवाल्यांसाठी. निदेशकाचं काम तिप्पट झालं. मी कुरकुरलो, खोटं कशाला बोलू. सरकारी नोकराला साडेपाचनंतर आणि रविवारी बोलावलं की पोटात दुखतं.

आणि मालकांपैकी एक, दहा-बारा मशीनचा छोटा कारखानदार, त्यानं त्याच्या पद्धतीनं दुसरा प्रश्न सोडवला. तो म्हणाला, "दीड तासाचा वर्ग आहे ना? अर्धा तास माझा, एक तास त्याचा." पाळी सुटायच्या अर्धा तास आधी तो माणसांना सोडायचा, पगार कापायचा नाही. कामगार स्वतःचा एक तास घालायचा. दोघांचंही थोडं जायचं. त्याच्या कारखान्यातली हजेरी शेवटपर्यंत टिकली. मोठ्या कंपन्यांनी आम्हाला प्रोजेक्टर दिला, खुर्च्या दिल्या, फळा दिला, पण अर्धा तास दिला नाही. प्रोजेक्टर अजून आहे. त्यावर कापड टाकलंय.

हे सांगताना माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्याच बॅचला जागा नव्हती म्हणून आम्ही जवळच्या प्राथमिक शाळेत वर्ग घेतला. तिथं पहिली-दुसरीच्या पोरांची बाकं. पन्नाशीची धिप्पाड माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मी शिक्षकाच्या तोऱ्यात होतो. एका ज्येष्ठ ऑपरेटरला फळ्यावर बोलावलं आणि म्हटलं, शून्य पूर्णांक शून्य पाच लिहा. त्यांनी बराच वेळ खडू हातात धरून ठेवला, मग लिहिलं, 0.5. वर्गात कोणीतरी हसलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा होता तो. ते काही बोलले नाहीत, खडू नीट खाचेत ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. पुढे त्यांनी मुदतीआधीच कारखाना सोडला असं ऐकलं. मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

हा शून्याचा मामला नवख्याला क्षुल्लक वाटेल. जुना टर्नर मिलिमीटरमध्ये विचार करत नाही. त्याच्या डोक्यात इंच, सूत आणि थाऊ असतात. बोटांनी चाचपून तो सांगतो, जॉब दोन थाऊ जास्त आहे, आणि मायक्रोमीटर लावला तर खरंच दोन थाऊ जास्त निघतो. पण सीएनसीच्या पॅनेलवर त्याला ऑफसेट भरायचा असतो. दोन थाऊ म्हणजे सुमारे शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर. मधलं शून्य विसरलं तर टूल अर्धा मिलिमीटर आत घुसतं, जॉब रिजेक्ट, आणि महागडी इन्सर्ट तुटली तर हाताखालची पोरंही ओरडतात. हातात पंचवीस वर्षांचं कसब आहे, ते बटणापर्यंत पोचत नाही. मधे फक्त एक टिंब आणि एक शून्य.

पुढच्या बॅचला मी फळा बंद ठेवला. फीलर गेजचा जुडगा नेला. चाकूसारखी पातळ पोलादी पानं असतात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. एक पान 0.50 चं, एक 0.05 चं. दोन्ही हातात दिली. डोळे मिटून चाचपा म्हटलं. एक जण, विडी सोडून पान खाणारा, खो खो हसत सुटला. "हे तर आमचे दोन थाऊ! आणि हे? हे तर टेंगूळ आहे." त्या दिवसापासून वर्गात 0.5 ला सगळे 'टेंगूळ' म्हणायला लागले, आणि एकानंही पॅनेलवर ती चूक केली नाही. निदान मला तरी कळलं नाही.

ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. ती मला त्या खडू खाली ठेवलेल्या माणसानं शिकवली असं मी मानतो.

बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांचंही थोडं सांगतो. तासगाव भागात बेदाणा निवडायला, प्रत लावायला बायकाच लागतात. त्यांनी आमच्याकडं काय मागितलं? शिवणकाम नको, आम्ही उगाच शिवणयंत्रं मोजत बसलो होतो. त्यांना पासबुक वाचायचं होतं आणि मोबाइलवरून पैसे पाठवताना नाव कसं ताडून बघायचं ते शिकायचं होतं, कारण एकीचे पैसे भलत्याच्या खात्यात गेले होते. हंगामात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. वर्ग पावसाळ्यात, दुपारी दोन ते तीन, लेकरं शाळेत असताना. शेडच्या मालकीणबाईंनी गोडाऊनचा एक कोपरा झाडून दिला. कॉलेजच्या दोन प्राध्यापिका यायच्या. पहिल्या आठवड्यात प्राध्यापिकांनाच मोबाइलचं ते अॅप नीट येत नव्हतं, दोघी बायकांकडून शिकल्या. वर्ग त्या दिवशी खरा सुरू झाला.

आता पैशाचं. सरकारनं 2007 मध्ये देशातल्या 1396 सरकारी आयटीआयसाठी योजना काढली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि कारभाराला संस्था व्यवस्थापन समिती, तिचा अध्यक्ष स्थानिक उद्योजक. कागदावर याहून चांगली भागीदारी मला सुचत नाही. भोंगा आणि घंटा एकाच टेबलावर. काही ठिकाणी चांगलं झालं, नवी मशीनं आली, नवे व्यवसाय सुरू झाले. पण मी एक संस्था अशी पाहिली की जिथं पैसे वर्षानुवर्षं बँकेत ठेवले होते, कारण अध्यक्षांना सभेला वेळ नव्हता आणि प्राचार्यांना सहीची भीती. व्याज जमा होत होतं आणि लेथ जुनाच. मला कोणाला चोर म्हणायचं नाही. दोघंही प्रामाणिक होते. एकाला त्याचा वेळ द्यायचा नव्हता, दुसऱ्याला त्याचा अधिकार.

2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालणं बंधनकारक केलं. तो पैसा आपल्या तालुक्यात येतो, शाळेच्या भिंतींवर रंग येतो, संगणक येतात. ही मदत नको असं म्हणणारा मी करंटा नाही. पण त्या दोन टक्क्यांत वेळ मोजला जात नाही. आणि ज्या कारखान्यांबद्दल मी बोलतो आहे, दहा मशीनचे, तीस माणसांचे, ते त्या कायद्याच्या आवाक्यातच येत नाहीत. नेमकं त्यांच्यातल्याच एकानं आम्हाला अर्धा तास दिला.

शाळा-कॉलेजवाल्यांनाही दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नाही. आपण शिकणाऱ्याला आधी विचारतो, पात्रता काय? दहावी पास? जन्मतारखेचा दाखला? पंचाहत्तर टक्के हजेरी? राम ताकवल्यांनी नाशिकला मुक्त विद्यापीठ उभं केलं, 1989 साली, तेव्हा त्यांनी हा दरवाजा काढून टाकला. दहावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी करून पदवीला बसता येऊ लागलं. आमच्या वसाहतीतल्या एका वेल्डरनं पन्नासाव्या वर्षी बी.ए. केलं, आणि त्याच्या सूनबाईनं पेढे वाटले. काही प्राध्यापक तेव्हा मुक्त विद्यापीठाच्या पदवीला नाक मुरडायचे. त्यांची नावं मी विसरलोय असं समजा.

अजून एक विनंती आहे आणि मग मी बसतो, कारण पुढच्या रांगेतल्या चौघांची दुसरी पाळी आहे आणि ते घड्याळ बघताहेत.

या वाचनालयाच्या मागची खोली, जिथं जुनी वर्तमानपत्रं रचलेली आहेत, ती संचालक मंडळानं परवाच मोकळी करून देऊ असं कबूल केलंय. वसाहतीतल्या तीन कारखानदारांनी, त्यातले दोघे इथं बसलेत, अर्ध्या तासाचा हिशेब मान्य केलाय. शिकवायला मी आहे, पॉलिटेक्निकचे दोन तरुण प्राध्यापक आहेत, आणि जुने दोन ऑपरेटर, जे आता फीलर गेज माझ्यापेक्षा चांगलं वापरतात. पहिला वर्ग मंगळवारी दुपारी साडेतीनला, तोच धडा बुधवारी सकाळी नऊला, तोच रविवारी दहाला. साबणाची वडी मी आणीन. खोलीची किल्ली गुरुजींच्या नातीकडे आहे, ती बँकेतून साडेतीनला सुटत नाही, म्हणून दुसरी किल्ली करायला टाकली आहे.

एकच वस्तू हवी आहे. खोलीत पडलेली बाकं बालवाडीची आहेत. ज्यांच्याकडे मोठ्या माणसांच्या उंचीची चार-सहा बाकं पडून असतील त्यांनी सोमवारपर्यंत कार्यवाहांना कळवावं. रंग उडालेली असली तरी चालतील. टेम्पो आम्ही पाठवू.